देल्फिनसाठी तीन थेंब

सोमवार, ३ ऑक्टोबर २०१६

आधी एक दुरुस्ती. काल बसमधून उतरल्यावर घाईत लिहिलं की दुकान चर्चच्या समोर आहे. ते चूक. चर्चसमोर चिकट तांदळाची मिठाई विकणाऱ्या बायका बसतात. दुकान त्यांच्या मागच्या गल्लीत, टायरवाल्याच्या शेजारी आहे. शिवाय मालकीणबाईंना मी 'म्हातारी' लिहिलं. त्या चाळिशीच्या आहेत. काळे कपडे पाहून माझा गैरसमज झाला. त्यांचा धाकटा भाऊ जानेवारीत मोटरसायकल घसरून गेला, वर्ष होईपर्यंत त्या काळंच घालणार आहेत.

मला अक्षरं आत्याने शिकवली, आमच्या स्वयंपाकघरात, कारण शाळा नदीपलीकडे होती आणि नदीवर पूल नव्हता. तिचा नियम असा की चुकलं तर खोडायचं नाही, खाली खरं काय ते लिहायचं. म्हणून हे लिहिलं.

आता आजचं. हे कान्दोन गाव मला आवडलं. आमच्या आब्राच्या डोंगरात संध्याकाळी आवाज म्हणजे डुकरांचा, इथे रस्त्याचा आवाज थांबतच नाही. दुकानात इलेक्ट्रॉनिक सिगारेटी, त्यांच्या तारा, कापूस, आणि शेकडो रंगीत बाटल्या आहेत. बाटलीतल्या रसाला सगळे ज्यूस म्हणतात. मी मालकीणबाईंना मॅडम म्हटलं तर त्या म्हणाल्या, मॅडम म्हणशील तर गिऱ्हाइकाला वाटेल इथे बँक उघडली. मनांग म्हण, मनांग फेली. मोठ्या बहिणीला म्हणतात तसं. मला त्या आदिंग म्हणतात, म्हणजे धाकटी. माडीवरची खोली दिली आहे, खिडकीत चमेली आहे. रात्री आम्ही भात आणि मुगाची भाजी जेवलो. मी दोनदा भात घेतला आणि मग लाज वाटली.

मंगळवार, ४ ऑक्टोबर

मी कधी ओढलेलं नाही, म्हणूनच मला कामावर घेतलं. मनांग म्हणतात, ओढणाऱ्याची जीभ भाजलेली असते, तुझी कोरी आहे. नवा ज्यूस आला की तो मी चाखायचा आणि कसा लागतो ते गिऱ्हाइकाला खरं सांगायचं.

आज ड्रिपर वापरून पाहिला. बोटाच्या पेराएवढी धातूची टोपी असते, ती सिगारेटच्या नळीवर बसवतात. टोपी काढली की आत तारेचं वेटोळं आणि त्यात कापूस. कापसावर ज्यूसचे तीन थेंब सोडायचे, टोपी लावायची, बटण दाबायचं. आत फस्स होतं. मग ओढायचं. टाकी नसल्यामुळे कापूस बदलला की चव बदलते, म्हणून चाखायला हेच बरं. छातीत घ्यायचं नाही, तोंडात धरायचं आणि सोडायचं.

पहिल्या खेपेला थेंब जास्त झाले आणि गरम ज्यूस ओठावर उडाला. दुसऱ्या खेपेला कमी पडले, कापूस जळाला. इतकी घाण चव मी आयुष्यात घेतली नव्हती. मी खोकत बसले. जीप चालवणारे इस्को रोज येतात, त्यांना मी मनोंग म्हणते, मोठ्या भावाला म्हणतात तसं. ते बाकावरून म्हणाले की आब्राच्या पोरी भात वाफवतात असं ऐकलं होतं, ही तर वाफच खायला लागली. मनांगांनी त्यांना सांगितलं की तुझ्या जीपच्या धुरापेक्षा बरं आहे ते, आणि मागच्या खेपेला तूही असाच रडला होतास. ते म्हणाले, मी रडलो नव्हतो, माझे डोळे हसत होते.

मग जमलं. बाटलीवर स्ट्रॉबेरी लिहिलं होतं, मला खोकल्याच्या औषधासारखं लागलं. तसं सांगितलं. मनांग खूप हसल्या आणि ती बाटली मागे ठेवली.

शुक्रवार, ७ ऑक्टोबर

येणारा प्रत्येक माणूस एकच विचारतो, देल्फिनचा आहे का? मनोंग देल्फिन म्हणजे मनांगांचे गेलेले भाऊ. दुकान त्यांचंच. कैरी आणि तंबाखूचा एक ज्यूस ते स्वतः बनवायचे, त्याचं माप त्यांच्या डोक्यात होतं, ते त्यांच्याबरोबर गेलं. आता 'नाही' म्हटलं की माणसं बाटल्यांवरून नजर फिरवतात आणि जातात. मनांग म्हणाल्या, दुकान त्याच्या नावावर चालत होतं, मी नुसती दार उघडते.

एक शेवटची बाटली आहे, ती विकत नाहीत. ती मनोंग देल्फिनच्या आतांगसाठी, म्हणजे मृतासाठी मांडतात त्या ताटासाठी. आमच्याकडेही मेलेल्या माणसासाठी ताट काढतात, पण सणावारी. मनांग रोज दुपारी काढतात. फोटोखाली भात, उकडलेलं अंडं, उसाच्या दारूचा छोटा पेला, आणि सिगारेटच्या जागी त्यांचा स्वतःचा ड्रिपर. तीन थेंब टाकतात, फस्स झालं की ठेवतात, आणि म्हणतात, ये रे, जेवून घे. तासाभराने तो भात त्या स्वतः खातात. मलाही घास दिला. त्याला काहीच चव नव्हती, मिठाचीसुद्धा नाही. मनांग म्हणाल्या, तो जेवला की अशीच होते, चव तो घेऊन जातो.

त्या हे अगदी साध्या सुरात म्हणाल्या. मला बरं वाटलं. ज्या घरात मेलेल्याला असं जेवू घालतात तिथे माझंही नीट होईल.

मंगळवार, ११ ऑक्टोबर

मनांग आज तंबाखूच्या शेतावर गेल्या, रोपं टाकायची होती. आतांग तू मांड म्हणाल्या. मी भात, अंडं, पेला मांडला. ड्रिपरमध्ये तीन थेंब टाकून बटण दाबलं तर जळका वास आला, किंवा आल्यासारखा वाटला. कापूस जुना होता. जळक्या कापसाची चव काय असते ते मला कळलं आहे, ती मेलेल्या माणसाच्या तोंडी द्यायची हे मनाला पटेना. मी कापूस बदलला, पुन्हा थेंब टाकले. तरी खात्री होईना.

मृताच्या आधी त्याच्या ताटातला घास कोणी चाखत नाही, हे मला माहीत आहे. पण सिगारेटचं तसं नाही. गेलेल्या आजोबांच्या ताटासाठी बाबा सिगारेट पेटवायचे तेव्हा पहिला झुरका बाबांनाच घ्यावा लागायचा, नाहीतर ती पेटतच नाही. हेही तसंच, असं मी धरलं. एकच झुरका घेतला.

कैरी, मीठ, आणि उन्हात वाळत घातलेल्या पानाचा वास. इतकं चांगलं मी काही चाखलेलं नाही. तोंडात धरून सोडायचं होतं. मी ओढायची थांबले, पण ओढणं थांबलं नाही. श्वास आत जात राहिला, छातीच्याही खाली, आतून दुसरं कोणी ओढत असल्यासारखा. मग सुटला. मी तोंड उघडलं. वाफ बाहेर आलीच नाही.

ड्रिपर फोटोपुढे ठेवला आणि म्हटलं, मनोंग, जेवायला या.

बुधवार, १२ ऑक्टोबर

दुरुस्ती. काल वाफ आलीच नाही असं लिहिलं. थोडी आली असेल, उजेडात दिसली नसेल. खात्री नसताना तसं लिहायला नको होतं.

आज सकाळपासून कशालाच चव नाही. भाताला नाही, वाळवलेल्या मासळीला नाही. मिरची चावली, डोळ्यांत पाणी आलं, पण तिखट लागलं नाही. सर्दी असेल.

शुक्रवार, १४ ऑक्टोबर

दुपारी मनांग आतांगचा भात खायला बसल्या आणि घास तोंडात थांबला. मला विचारलं, तू याला बोलावतेस ना? मी म्हटलं, आज तर तुम्हीच बोलावलं. त्या म्हणाल्या, भाताला चव आहे. अंड्यालाही. परवाही होती, कालही होती, मला वाटलं माझाच भास. मग त्या फोटोकडे बघून रागावल्या, अरे रुसलास का, कुठे जेवायला जातोस?

मला राहवलं नाही. मंगळवारचं सगळं सांगितलं. मला वाटलं हाकलून देतील.  त्यांनी माझा हात धरून एवढंच विचारलं, कसा लागला? मी सांगितलं. कैरी, मीठ, पान. त्यांनी पुन्हा सांगायला लावलं. आणि रडल्या.

सोमवार, १७ ऑक्टोबर

आज फोटोपुढे ताट नव्हतं. मला वाटलं विसरल्या. दुपारी ते त्यांनी माझ्यापुढे ठेवलं. भात, अंडं, पेला, ड्रिपर. मी म्हटलं, मनांग, हे मी नाही खाणार. त्या म्हणाल्या, तुला कोण म्हणतंय.

मी दारू पीत नाही. पेला रिकामा होता. मी प्यायले असं आठवत नाही, पण दुसरं कोणी तिथे नव्हतं, म्हणून मी प्यायले असं लिहिते.

ताटातल्या भाताला चव होती. आठवड्यात पहिल्यांदा कशाला तरी चव लागली. मी सगळा खाल्ला. खाताना बरं वाटलं हे लिहायला हवं, कारण ते खरं आहे.

बुधवार, १९ ऑक्टोबर

मी ज्यूस बनवला. बनवता येत नसताना. बाटल्या पुसत होते, हात एकीकडून दुसरीकडे जात राहिले, ही घेतली, ती घेतली, हलवली, वास घेतला, परत दोन थेंब. मनांग दारात उभ्या होत्या. त्यांनी हाक मारली नाही. श्वाससुद्धा जपून घेत होत्या.

मनोंग इस्कोंनी चाखला आणि टोपी काढून मांडीवर ठेवली. म्हणाले, फेली, लपवून ठेवलेली बाटली काढलीस होय गं, चोरटे. त्या म्हणाल्या, हिने बनवला. ते माझ्याकडे बघून हसायला गेले आणि हसू अर्ध्यातच राहिलं. जाताना नमस्कार केल्यासारखा हात छातीला लावला. संध्याकाळपर्यंत दारात रांग होती. मनांगांनी चिकट मिठाईचा मोठा पुडा आणला, टायरवाल्यालाही दिला, गाणं गुणगुणत होत्या. मिठाईला चव नव्हती.

लहानपणी आमच्या दारातल्या कैरीच्या झाडावरून मी पडले होते, तेव्हा आईने असाच पुडा आणला होता.

गुरुवार, २० ऑक्टोबर

दुरुस्ती. आमच्या दारात कैरीचं झाड नाही. मी कधी झाडावरून पडलेले नाही. काल मी ते का लिहिलं मला माहीत नाही.

डाव्या कोपराखाली जुनी खूण शोधली. नाही. शोधावी का वाटली?

सोमवार, २४ ऑक्टोबर

मनांग शेतावर गेल्यावर आपो सालोमेंकडे गेले, आजीला आपो म्हणतात. तंबाखूच्या भट्ट्यांपलीकडे राहतात, अंगाला मृताचा स्पर्श झाला की लोक त्यांना दाखवतात. त्यांनी माझ्या मनगटावर अंगठा ठेवला, दुसऱ्या मनगटावर ठेवला, आणि म्हणाल्या, दोन नाड्या चालतात गं पोरी. मग विचारलं, त्याच्याआधी काय खाल्लंस?

मी सांगितलं. त्या म्हणाल्या, कागदाच्या सिगारेटला आग लागते म्हणून पेटवणाऱ्याला माफ. याला बटण आहे. याला तुझी गरज नव्हती. तू त्याचा पहिला घास घेतलास, आता तो तुझ्या तोंडानेच जेवणार. रोज जेवला की रोज थोडा जास्त बसेल, तुला जागा कमी पडेल.

उपाय दोनच. त्याच्या रक्ताच्या माणसाने त्याला सांगायचं, झालं, आता जा. किंवा माझ्या रक्ताच्या माणसाने घराच्या दारात उभं राहून मला नावाने हाक मारायची, मी उंबरा ओलांडेपर्यंत. इतर कोणाचं चालत नाही. मी विचारलं, तुम्ही हाक मारा ना. त्या म्हणाल्या, मी मारली तर दोघंही ओ द्याल.

मंगळवार, २५ ऑक्टोबर

मनांगांना विचारलं. हात जोडून विचारलं. एकदा म्हणा, जा.

त्या भांडल्या नाहीत. माझे केस विंचरत होत्या, विंचरतच राहिल्या. म्हणाल्या, जानेवारीत म्हणेन, वर्ष भरलं की, काळं उतरवीन त्याच दिवशी. तोवर राहू दे गं त्याला. तुझं काय जातंय, दोन वेळ जेवतेस, दुकान चालतंय, तुझ्या घरीही पैसे पाठवता येतील. माझा भाऊ निरोप न घेता गेला, आदिंग, सकाळी चहा अर्धा टाकून गेला.

मी म्हटलं, जानेवारीपर्यंत मी उरणार नाही. त्या म्हणाल्या, असं अभद्र बोलू नये. आणि भांग पाडला. एका बाजूला, फोटोत आहे तसा.

गुरुवार, २७ ऑक्टोबर

ताट नको म्हटलं. उपाशी राहिले. तरी हातांनी मला न विचारता खाल्लं.

मला वाईट चालीची माणसं भेटली असती तर सोपं झालं असतं. मनांग मायाळू आहेत. माझ्या अंगावर पांघरूण घालतात. विचारतात, थंडी वाजतेय का रे.

आईची आठवण येते. ओसरीत बसून तंबाखूची पानं काडीला ओवायची, बोटं काळी व्हायची, त्याच बोटांनी भरवायची. मी तिच्या मांडीला टेकून बसायचो. फेली शेजारी.

शनिवार, २९ ऑक्टोबर

बसपर्यंत गेले. पिशवी घेऊन. भर सकाळी, बाजारातून. पायरीवर पाय ठेवला—

दुकानात होते. तार वेटोळत होते. बारीक, सरळ, एकही वेढा चुकला नाही. पिशवी बाकाखाली. मनोंग इस्को सांगत होते आणि सगळे हसत होते, म्हणजे मीही काहीतरी बोललेच असणार, विनोद केला असणार—

काय बोलले?

सोमवार, ३१ ऑक्टोबर

दुरुस्ती. गुरुवारी आईबद्दल लिहिलं. ते वाचलं. त्यातलं काय चूक आहे ते— काहीतरी चूक आहे. वाचताना कळतं की काहीतरी. पण सापडत नाही. आईच्या बोटांचा वास आत्ताही येतो आहे.

आत्या खरी आहे. आत्या, स्वयंपाकघर, नदी. पूल नव्हता. हे रोज लिहायचं. आत्या, स्वयंपाकघर, नदी.

मंगळवार, १ नोव्हेंबर

आज मेलेल्यांचा सण, सगळं गाव दफनभूमीत. मेणबत्त्या, छत्र्या, पत्ते, जेवणाचे डबे, पोरांची पळापळ. प्रत्येक कबरीवर ताट. देल्फिनच्या नाही. शेजारच्या बाईने विचारलं, फेली, भावाला मेणबत्ती नाही लावलीस? मनांग म्हणाल्या, इथे कोण आहे आता, आणि माझ्या ताटात मासा वाढला. काटे काढून.

कोणीतरी मागून हाक मारली, देल्फिन. गमतीने. सगळे हसले.

मी वळून पाहिलं होतं.

बुधवार, २ नोव्हेंबर

आत्या. स्वयंपाकघर—

टायरवाल्याच्या फोनवरून आईला लावला. मनांग चर्चमध्ये होत्या. नंबर बोटांना पाठ होता, अजून आहे. आईने उचलला. एका दमात सांगितलं. शनिवारी येते, दारात उभी राहा, नावाने हाक मार, मी उंबरा ओलांडेपर्यंत थांबू नकोस.

ती म्हणाली, कोण बोलतंय?

नाव सांगितलं.

 ती म्हणाली, मनोंग, चुकीचा नंबर लागलाय तुम्हाला, या नावाचं आमच्यात कोणी नाही. चांगल्या आवाजात म्हणाली, परक्याशी बोलतात तशी. मागे कोंबड्या ओरडत होत्या. आमच्या कोंबड्या. फोन ठेवला.

पुन्हा लावला. उचलत नाही.

कुठलं नाव सांगितलं मी—

तरी जाणार. शनिवार, पाच नोव्हेंबर. सकाळी आठची बस. मनांग तेव्हा शेतावर असतात. पायरीवर पाय ठेवताना डोळे मिटायचे, दांडा सोडायचा नाही, काही झालं तरी. दारात जाऊन उभी राहीन. आईने ओळखलं नाही, हाक मारली नाही, तरी हलणार नाही, तिचा हात धरून तोंडावर ठेवीन आणि सांगेन की आई, मी, मी तुझी—